वाचक विचारतात : फाइलचे नाव कोणासाठी?

विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्याकडून आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आढळली : फाइल आपल्याकडे आहे हे नक्की माहीत असते, पण हवी तेव्हा ती सापडत नाही. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. उदाहरणादाखल दिलेली फाइलची नावे छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत. नावे मराठीत ठेवावीत की नाही, या प्रश्नाचा विचार पुढे एका स्वतंत्र पत्राच्या निमित्ताने केला आहे.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. पहिल्या वर्षाची टिपणे, शिक्षकांनी पाठवलेल्या स्लाइड्स, जुन्या प्रश्नपत्रिका, प्रवेशाची कागदपत्रे असे सगळे लॅपटॉपच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये साचले आहे. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’ अशा नावांचेही बरेच फोल्डर आहेत आणि त्यांत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. सगळे एकदाचे नीट लावायचे म्हणून बसतो, पण तासाभरात कंटाळा येतो आणि काम अर्धवट राहते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : जुन्या ढिगापासून सुरुवात करू नका. तुमचे काम अर्धवट राहते ते आळसामुळे नव्हे. शेकडो फाइली एकेक उघडून प्रत्येकीविषयी निर्णय घेणे हे कोणालाही दमवणारेच काम आहे. त्याऐवजी ‘जुने’ या नावाचा एक फोल्डर करा, नावापुढे आजची तारीख लिहा आणि डाउनलोड्समधील सर्व काही न उघडता तसेच्या तसे त्यात हलवा. ते हरवत नाही, शोधसुविधा तेथेही चालते. यापुढे त्यातील एखादी फाइल लागली की ती बाहेर काढायची, तिला नीट नाव द्यायचे आणि नव्या रचनेत ठेवायची. वर्षभरात जिला हात लागला नाही, ती आणखी वर्षभर तेथे पडून राहिली तरी काही बिघडत नाही. याला अपवाद फक्त गुणपत्रिका, प्रमाणपत्रे आणि ओळखीची कागदपत्रे यांचा. ती पहिल्याच दिवशी शोधून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण ती नेहमी घाईच्या वेळीच मागितली जातात.

नवी रचना अभ्यासक्रमाच्या क्रमाने करावी. ‘शिक्षण’ हा मुख्य फोल्डर, त्यात ‘वर्ष-२_सत्र-३’, त्यात ‘सांख्यिकी’, ‘अर्थशास्त्र’ असे विषय, एवढे पुष्कळ झाले. अनेक जण पीडीएफचा एक फोल्डर, स्लाइड्सचा दुसरा, फोटोंचा तिसरा अशी प्रकारानुसार विभागणी करतात. ती दिसायला नीटनेटकी असली तरी अभ्यासाला निरुपयोगी ठरते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘माझ्याकडे पीडीएफ कोणकोणत्या आहेत’ असा प्रश्न कोणालाही पडत नाही. सांख्यिकीच्या तिसऱ्या प्रकरणाचे आपल्याजवळ काय काय आहे, एवढेच पाहायचे असते. शिवाय एखाद्या फोल्डरमधील फाइली प्रकारानुसार लावून दाखवणे हे काम संगणक एका क्लिकमध्ये करतो, त्यासाठी वेगळे फोल्डर कशाला हवेत?

विषयाच्या फोल्डरमध्ये ‘टिपणे’, ‘स्वाध्याय’, ‘प्रश्नपत्रिका’ असे उपविभाग जरूर करावेत, पण फाइली एका नजरेत मावेनाशा झाल्यानंतरच. सत्राच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक विषयात रिकामे आठ-आठ फोल्डर तयार करून ठेवणे हा एक छंद आहे, व्यवस्था नव्हे. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असे खोल जाण्यात एक तांत्रिक अडचणही आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावाच्या शेवटापर्यंतचा संपूर्ण पत्ता परंपरेने २६० अक्षरांत बसावा लागतो आणि अनेक प्रोग्राम ही मर्यादा अजूनही पाळतात. लांबलचक नावांचे सहा-सात फोल्डर एकात एक असले, की एखादे दिवशी सगळे दुसरीकडे कॉपी करताना काही फाइली मागेच राहतात.

डाउनलोड्स हा फोल्डर यापुढे फक्त येणाऱ्या फाइलींचा थांबा समजा आणि आठवड्यातून एक वार ठरवून तो रिकामा करत जा. एकच फाइल दोन विषयांना लागत असेल तर तिच्या दोन प्रती करू नका. एका जागी फाइल ठेवून दुसऱ्या जागी तिचा शॉर्टकट ठेवा. दोन प्रती केल्या की त्यांपैकी एकीतच दुरुस्ती होते आणि परीक्षेच्या वेळी हाती येते ती नेमकी दुसरी.

प्रश्न : फाइलला नाव देण्याबाबत प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. कोणी म्हणते तारीख आधी, कोणी म्हणते विषय आधी, कोणी शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायला बंदी करते. नावात नेमके काय असावे आणि कोणत्या क्रमाने असावे? (पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनी)

उत्तर : नाव ठरवण्यापूर्वी एक कसोटी लावून पाहा. ती फाइल आपल्या फोल्डरमधून बाहेर पडली आहे, ईमेलने मार्गदर्शकांकडे गेली आहे किंवा मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर पोहोचली आहे, अशी कल्पना करा. तेथे नुसते नाव वाचून ती कशाची फाइल आहे हे कळते का? ‘प्रकरण ३’ हे नाव ‘सांख्यिकी’ या फोल्डरमध्ये असेपर्यंत सर्व काही सांगते आणि बाहेर पडताच काहीही सांगत नाही. फाइली सतत बाहेर पडत असतात, म्हणून नाव स्वतःच्या पायावर उभे राहणारे हवे.

एक नाव जवळून पाहू : ‘सांख्यिकी_टिपणे_प्र०३_संभाव्यता_२०२५-०८-१४’. पहिला शब्द विषयाचा. दुसरा हे काय आहे ते सांगतो, म्हणजे टिपणे, स्वाध्याय की प्रश्नपत्रिका. तिसरा भाग प्रकरणाचा क्रमांक आणि चौथा दोन-तीन शब्दांत मजकुराचा विषय. शेवटी तारीख. भाग वेगळे करण्यासाठी अंडरस्कोर आणि एकाच भागातील शब्द किंवा अंक जोडण्यासाठी हायफन वापरला आहे, त्यामुळे एक भाग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे डोळ्यांना चटकन दिसते. यापेक्षा अधिक माहिती नावात कोंबू नये. महाविद्यालयाचे नाव, शैक्षणिक वर्ष, शिक्षकांचे नाव या गोष्टी आपल्या स्वतःच्या टिपणांवर नसल्या तरी चालतात.

क्रमाचा वाद बराचसा निरर्थक आहे, कारण त्याचे उत्तर फाइलच्या स्वरूपात दडलेले असते. नावाचा पहिला भाग ज्यांचा सारखा, त्या फाइली यादीत एकमेकींशेजारी येतात. टिपणे विषयानुसार शेजारी यावीत असे वाटते, म्हणून तेथे विषय आधी. प्रयोगशाळेतील नोंदी, क्षेत्रभेटीची निरीक्षणे, मार्गदर्शकांबरोबरच्या चर्चेची टाचणे यांत मात्र कोणत्या दिवसानंतर काय घडले हे महत्त्वाचे असते, म्हणून तेथे तारीख आधी.

तारीख कोठेही असो, ती वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आणि महिना-दिवस दोन आकड्यांत लिहावी. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने हाच क्रम ठरवला आहे. संगणक नावे डावीकडून एकेक चिन्ह तुलना करत लावतो. दिवस आधी लिहिला तर ‘०१-१२-२०२४’, ‘०२-०१-२०२५’, ‘०३-११-२०२४’ अशी यादी तयार होते, म्हणजे डिसेंबर, जानेवारी आणि मग मागचा नोव्हेंबर. वर्ष आधी लिहिले की त्याच तीन फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. प्रकरणांच्या क्रमांकांनाही हेच लागू आहे : ‘१’, ‘१०’, ‘११’, ‘२’ असा विचित्र क्रम टाळायचा तर ‘०१’, ‘०२’ असे लिहावे. विंडोजचा फाइल एक्सप्लोरर संख्या ओळखून त्या नीट लावतो, पण प्रत्येक संकेतस्थळ आणि प्रत्येक प्रोग्राम तसे करीलच असे नाही.

संगणक फाइलची तारीख स्वतःच नोंदवतो, मग ती नावात पुन्हा कशाला, अशी शंका रास्त आहे. परंतु ती नोंद फाइलची असते, मजकुराची नसते. विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की नव्या प्रतीची निर्मितीची तारीख ही कॉपी केल्याची तारीख होते, आणि मग फाइल निर्माण होण्याच्या आधीच तिच्यात बदल झाला होता, असे गमतीदार चित्र दिसते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर तर बहुधा उतरवल्याचा दिवस पडतो. व्याख्यान कोणत्या दिवशी झाले हे टिकवायचे असेल तर ते नावातच लिहिले पाहिजे.

निषिद्ध चिन्हे थोडी आहेत. दोन्ही तिरप्या रेघा, अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, लहान-मोठेपणाची दोन चिन्हे आणि उभी रेघ ही विंडोज नावात घेत नाही. तिरप्या रेघांनी लिहिलेली तारीख नाकारली जाते ती याचमुळे. एक अवांतर गोष्ट : राज्यघटनेच्या टिपणांना कोणी रोमन लिपीत नुसती ‘सी-ओ-एन’ ही तीन अक्षरे नाव म्हणून दिली, तर विंडोज ते नाव घेण्यास नकार देते, कारण डॉस या विंडोजच्या आधीच्या संगणक-प्रणालीच्या काळात ते कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखून ठेवले होते आणि ते राखीवपण अद्याप सुटलेले नाही. मोकळ्या जागेवरील बंदीही त्याच काळाची आठवण आहे. डॉसमध्ये नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला, म्हणजे टिंबानंतर येणाऱ्या, फाइलचा प्रकार सांगणाऱ्या भागाला, तीन अक्षरे मिळत. लांब आणि मोकळ्या जागा असलेली नावे सर्वसामान्यांच्या हाती १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर आली. आज मोकळी जागा चालते, पण वेबवरील दुव्यात तिच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि वीस हा आकडा उमटतो आणि दुवा वाचण्याजोगा राहत नाही. म्हणून अंडरस्कोर बरा. तरीही मोकळी जागा सोडण्याची सवय पक्की असेल तर तीच सर्वत्र पाळा. अर्ध्या फाइली एका पद्धतीने आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीने, ही स्थिती कोणत्याही एका पद्धतीपेक्षा वाईट.

प्रश्न : माझ्या वर्गात साठ विद्यार्थी आहेत. स्वाध्याय मागवला की ‘असाइनमेंट’, ‘माय असाइनमेंट’, ‘स्कॅन’ अशा नावांच्या फाइली येतात. कोणाची कोणती हे शोधण्यात तपासण्याइतकाच वेळ जातो. (एक शिक्षिका)

उत्तर : विद्यार्थ्याच्या संगणकावर ‘असाइनमेंट’ नावाची फाइल एकच असते, आपल्याकडे ती साठ होतात, पाठवणाऱ्याला ही बाजू दिसत नाही. त्यामुळे ‘फाइलला योग्य नाव द्यावे’ अशी सूचना निष्फळ ठरते. सूचनेत नियम लिहिण्याऐवजी एक पूर्ण, तयार नाव नमुना म्हणून द्यावे, उदाहरणार्थ ‘०७_आडनाव-नाव_अर्थशास्त्र_स्वाध्याय-०२’, आणि आपला हजेरी क्रमांक व नाव तेवढे बदलावे असे सांगावे. हजेरी क्रमांक दोन आकडी आणि सर्वांत आधी असल्यास फाइली हजेरीपटाच्या क्रमाने लागतात व कोणाची आली नाही हेही लगेच दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. गूगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू देते. तेथून त्या संगणकावर उतरवल्या की दुसरीपुढे कंसात ‘१’ लागतो. तो कंसातील आकडा सुधारित आवृत्तीचा नसून केवळ नावांच्या टकरीचा असतो.

प्रश्न : फाइलींची नावे मराठीत ठेवली तर चालतात का? मित्र म्हणतात की पुढे अडचण येईल. मला मात्र इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी नावे वाचायला त्रास होतो. (भाषा विषयाचा विद्यार्थी)

उत्तर : चालतात. आजचा विंडोज संगणक, मॅक, लिनक्स आणि मोबाइल या सर्वांना युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीतील देवनागरी नावे समजतात. रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याचा तोटा तुम्हाला जाणवला आहेच; त्यात आणखी एक भर अशी की एकच शब्द रोमनमध्ये चार प्रकारांनी लिहिला जातो आणि आपण कोणत्या प्रकाराने लिहिला होता हे शोधताना आठवत नाही. तथापि मित्रांचे म्हणणेही अगदीच निराधार नाही. अडचणी ठरावीक ठिकाणी येतात, त्या माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली अडचण लांबीची. लिनक्स आणि अँड्रॉइडमध्ये एका नावाला २५५ बाइट (बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे लहान एकक) मिळतात. साधे रोमन अक्षर एक बाइट घेते, देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि येथे चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा. संगणक मात्र त्यात व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि दीर्घ वेलांटी अशी दहा चिन्हे मोजतो, म्हणजे तीस बाइट झाले. अशा हिशेबाने पूर्ण नाव ८५ चिन्हांत संपते. नेहमीच्या नावांना हे पुरेसे आहे. पण निबंधाचे संपूर्ण शीर्षक फाइलचे नाव म्हणून देणाऱ्यांची फाइल लॅपटॉपवर नीट राहते आणि फोनवर कॉपी होत नाही, त्याचे कारण हे असू शकते.

दुसरी अडचण अधिक छुपी आहे. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्याचा’ अशा शब्दांतील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो. काही कीबोर्ड त्यासाठी खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ या वेगळ्या वर्णाचा उपयोग करतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. लॅपटॉपवर नाव दिलेली ‘दुसऱ्या प्रकरणाची टिपणे’ ही फाइल फोनवर त्याच शब्दाने शोधली असता सापडत नाही, तेव्हा आपले डोळे आणि फाइल दोन्ही ठीक असतात, कीबोर्ड बदललेला असतो. उपाय सोपा आहे : नावात असे शब्द टाळावेत, ‘दुसऱ्या प्रकरणा’ऐवजी ‘प्र०२’ लिहावे. ऱ्हस्व-दीर्घाचीही तीच गत. ‘टिपणे’ लिहायचे की ‘टीपणे’ हे एकदा ठरवून टाकावे, कारण शोधसुविधेकडे शुद्धलेखनाबाबतची उदारता असतेच असे नाही.

आकडे मात्र कोणत्या तरी एकाच लिपीतले वापरावेत. देवनागरी ‘५’ आणि इंग्रजी ‘5’ ही संगणकासाठी वेगवेगळी चिन्हे आहेत आणि दोन्ही मिसळल्यास क्रम विस्कटू शकतो. मी स्वतः मराठी नावांतही तारखेला इंग्रजी आकडे सुचवीन. बहुतेक प्रोग्राम आपोआप घालतात ते आकडे त्याच लिपीतले असतात.

राहिला प्रश्न बाहेर पाठवण्याच्या फाइलींचा. झिप फाइल उघडणारे जुने प्रोग्राम देवनागरी नावांची चौकोनांत किंवा निरर्थक चिन्हांत वाट लावतात आणि अर्ज स्वीकारणारी काही संकेतस्थळे रोमनखेरीज अन्य अक्षरे असलेले नाव घेत नाहीत. म्हणून घरच्या वापराला मराठी आणि अधिकृत ठिकाणी सादर करायच्या प्रतीला रोमन, अशी विभागणी करावी.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून एक प्रकल्प करत आहोत. अहवालाच्या ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल करेक्टेड’, ‘नक्की फायनल’ अशा फाइली ग्रुपवर फिरत आहेत. गेल्या वेळी एकीचा भाग जुन्या प्रतीवर लिहिला गेला आणि शेवटच्या रात्री सगळे पुन्हा जुळवावे लागले.

उत्तर : ‘फायनल’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनातील इच्छा सांगतो, फाइलची स्थिती सांगत नाही. तो नावांतून हद्दपार करा. चौघांसाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे प्रती न फिरवता गूगल डॉक्स किंवा वनड्राइव्हवरील वर्डमध्ये एकाच ऑनलाइन फाइलवर काम करणे. तेथे आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो, कोणी काय बदलले हे दिसते आणि मागील स्थितीकडे परतताही येते. गूगल डॉक्समध्ये एखाद्या टप्प्यावरील आवृत्तीला नाव देऊन ठेवता येते, उदाहरणार्थ ‘मार्गदर्शकांना दाखवण्यापूर्वी’; ही सोय फारच कमी विद्यार्थी वापरतात.

प्रती फिरवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ‘आ०१’, ‘आ०२’ असे चढते आवृत्ती-क्रमांक द्या आणि शेवटी बदल करणाऱ्याची आद्याक्षरे जोडा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका वेळी फाइल एकाच्याच हाती राहील असे ठरवा. त्या व्यक्तीने ‘आ०५’ परत टाकेपर्यंत ‘आ०४’ला कोणी हात लावायचा नाही. दोघींनी एकाच ‘आ०४’वर काम केले तर कितीही सुंदर नावे दिली तरी गोंधळ व्हायचा तो होतोच. अहवाल प्रत्यक्ष दिल्यानंतर त्याच्या पीडीएफच्या नावात ‘सादर’ हा शब्द आणि तारीख घाला आणि ज्या फाइलपासून ती पीडीएफ बनवली ती तिच्या शेजारी ठेवा. दुरुस्त्या सुचवल्या जातात तेव्हा पीडीएफ उपयोगाची नसते.

प्रश्न : माझी मुलगी शाळेत शिकते. तिचा जवळजवळ सगळा अभ्यास फोनवर आहे : फळ्याचे फोटो, वहीची पाने, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या पीडीएफ. घरातल्या फोटोंत ते सगळे मिसळून जाते. फोनवर काही शिस्त लावता येते का?

उत्तर : येते, परंतु संगणकावरील पूर्ण शिस्त फोनवर अपेक्षू नये. फोनवर नाव बदलणे कंटाळवाणे असते, म्हणून तेथे फक्त वेगळे काढण्याचे काम करावे आणि नावे आठवड्याला एकदा संगणकावर द्यावीत. वहीची पाने साध्या कॅमेऱ्याने न टिपता स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपने टिपल्यास दहा पानांची एक पीडीएफ होते आणि ती कौटुंबिक फोटोंत मिसळत नाही. फळ्याचे फोटो गॅलरीत विषयाच्या अल्बममध्ये त्याच दिवशी टाकण्याची सवय मुलीला लावता आली, तर निम्मे काम झाले. महिन्याभराने फळ्यावरील समीकरण कोणत्या धड्याचे होते, हे तिलाही सांगता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंविषयी विशेष सांगायला हवे. अँड्रॉइड फोनवर त्यांच्या नावात आठ आकडी तारीख, ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे आणि चार आकडी क्रमांक असतो. ही तारीख फोटो काढल्याची नसते, व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्या-गेल्याची असते; मूळ फोटोतील दिनांकाची नोंद वाटेत गळून पडते आणि चित्रही आक्रसते. बारीक अक्षरांचे पान स्पष्ट हवे असेल तर पाठवणाऱ्याला ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. आणि ग्रुप हे साठवणीचे ठिकाण नव्हे. फोनमधून पुसली गेलेली जुनी फाइल ग्रुपवर नुसती दिसत राहते, पुन्हा उतरवायला गेले की मिळत नाही.

संगणकावर नावे देताना फाइल निवडून एफ-२ दाबावे, नाव लिहावे आणि एंटरऐवजी टॅब दाबावे. विंडोजमध्ये कर्सर थेट पुढील फाइलच्या नावावर जातो. तीस फाइलींचे काम मग पाच-दहा मिनिटांत आटोपते.

प्रश्न : माझ्या सर्व फाइली क्लाउडवर आहेत, त्यामुळे वेगळा बॅकअप घ्यायची गरज नाही असे मी समजत होतो. लॅपटॉपवरील जागा मोकळी करण्यासाठी एक फोल्डर पुसला, तर तो क्लाउडवरूनही गेला. असे का झाले?

उत्तर : कारण तुमच्याकडे सिंक होते, बॅकअप नव्हता. सिंकचे काम दोन्ही जागा सदैव सारख्या ठेवण्याचे आहे. तुम्ही एका जागी पुसले की ती आज्ञा इमानेइतबारे दुसऱ्या जागीही पाळली जाते. सध्या घाई करा : गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेल्या फाइली ३० दिवस राहतात आणि नंतर कायमच्या जातात, वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनची मुदतही ३० दिवसांचीच आहे.

पुढील काळासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम पाळावा : महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. विद्यार्थ्याच्या बाबतीत लॅपटॉप, क्लाउड आणि एरवी संगणकाला न जोडलेली एक हार्ड डिस्क एवढ्यात हे साधते. सगळ्याच फाइलींना इतकी काळजी लागत नाही. पुन्हा उतरवता येणारी पाठ्यपुस्तके आणि व्हिडिओ वगळा. स्वतः लिहिलेले, स्वतः मोजलेले आणि स्वतःच्या नावाचे जे असेल ते जपा.

याला जोडूनच एक इशारा. संस्थेने दिलेल्या ईमेल खात्याच्या ड्राइव्हवर शोधप्रबंधासारखी गोष्ट एकट्याने ठेवू नये. शिक्षण संपल्यावर अशी खाती बंद होऊ शकतात आणि केव्हा बंद करायची हे संस्था ठरवते. शेवटच्या सत्रातच सगळे वैयक्तिक खात्यात किंवा डिस्कवर हलवा. वैयक्तिक गूगल खात्यालाही दोन वर्षे हात लावला नाही तर गूगल ते हटवू शकते, आणि त्याची १५ जीबीची विनामूल्य जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून वापरली जाते, हेही हिशेबात धरावे.

प्रश्न : शोधसुविधा इतकी चांगली असताना फोल्डर आणि नावे यांचा खटाटोप करायचाच कशाला?

उत्तर : आपण काय शोधत आहोत हे ठाऊक असेल तेव्हा शोधसुविधा उत्तम आहे. ‘मागच्या वर्षी सरांनी काहीतरी पाठवले होते’ एवढेच आठवत असेल तेव्हा ती हतबल होते आणि फोल्डर उघडून नजर फिरवणे हाच मार्ग उरतो. दुसरे असे की, स्कॅन केलेले पान हे संगणकासाठी चित्र असते. अक्षरओळख झालेली नसेल तर त्यातील एकही शब्द शोधात येत नाही, आणि हस्तलिखित टिपणांच्या बाबतीत अक्षरओळखीवर फार विसंबूही नये. अशा फाइलीत शोधता येण्याजोगे एकच स्थान उरते, तिचे नाव.

प्रश्न : मी वर्डच्या फाइलचे नाव बदलून शेवटी ‘डॉट पीडीएफ’ लिहिले, तरी ती संकेतस्थळावर स्वीकारली गेली नाही. असे का?

उत्तर : नाव बदलल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही. वर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ निवडून तेथे पीडीएफ हा प्रकार घ्यावा. विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवून ठेवते, त्यामुळे नाव ‘अहवाल.पीडीएफ’ असे दिसले तरी पडद्याआड त्यापुढे वर्डचे एक्स्टेन्शन तसेच राहिले असण्याची शक्यता आहे. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधील ‘शो’ या यादीत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय चालू करून ठेवा. त्याचा आणखी एक उपयोग आहे : अनोळखी ईमेलमधून आलेली, पीडीएफसारखी भासणारी फाइल प्रत्यक्षात ‘ईएक्सई’ प्रोग्राम असेल, तर तेही उघडण्यापूर्वीच दिसेल.